एका चित्रकाराचे सिंहावलोकन

दीर्घ काळ चित्रे काढीत आलेल्या कलावंताच्या आरंभापासूनच्या निवडक कृती एकत्र मांडून जे प्रदर्शन भरविण्यात येते, त्यास आपल्या भाषेत 'सिंहावलोकन' असे नाव पडले आहे. हे नाव ज्याने कोणी योजिले त्याच्या मार्मिकतेचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दात केवळ मागे पाहणे आहे. आपल्या शब्दात सिंह आहे, आणि सिंह मागे पाहतो तो चालता चालता. मान वळवून तो आलेली वाट क्षणभर न्याहाळतो आणि पुन्हा पुढे चालू लागतो. कलावंताच्या हयातीत भरलेले असे प्रदर्शन आणि त्याच्या पश्चात भरलेले प्रदर्शन, ह्यांतील भेद हाच होय. दिवंगत चित्रकाराची चित्रे आपण शेवटचे पान ठाऊक असलेल्या ग्रंथाप्रमाणे वाचतो. हयात चित्रकाराच्या बाबतीत शेवटचे पान त्यालाही ठाऊक नसते. म्हणून अशा प्रदर्शनात निकाल देण्यापेक्षा वाट पाहून घेणे हेच रसिकाचे खरे काम असते.

श्री. सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचे असे सिंहावलोकन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत भरले होते. 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' असे त्याचे इंग्रजी नाव असून श्रीमती नॅन्सी अदजानिया यांनी त्याची योजना केली होती. ह्या गोष्टीस आता काही वर्षे लोटली. प्रदर्शनाचे परीक्षण ताजे असावे, असा मासिकांचा रिवाज आहे, हे आम्ही जाणतो. परंतु काही चित्रे अशी असतात की, त्यांच्याविषयीचे मत त्यांच्यासमोर उभे असताना बनत नाही; घरी परतल्यावर, अनेक दिवसांनी, भलत्याच कामात असताना ती पुन्हा डोळ्यांसमोर येतात आणि मग आपण त्यांच्याशी वाद घालू लागतो. आमचा हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. म्हणूनच तो वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

रत्नागिरीत बसून मुंबईच्या प्रदर्शनाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, ह्या चित्रांचा विषय जितका मुंबईचा तितकाच आमच्या जिल्ह्याचा आहे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यातले होते. त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग मोडत असे, हे खरे. पण तेवढ्याने त्या आकड्याचा अर्थ कमी होत नाही. आमच्याकडील घरांत पुरुष मुंबईस आणि बायकामुले गावी, ही कित्येक पिढ्यांची रीत होती. चिपळूणच्या मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' ह्या कादंबरीत गिरणीचे जग मराठी वाचकांपुढे आणिले. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली 'माझे विद्यापीठ' प्रसिद्ध करून कामगाराची वाणी कवितेत आणिली. साहित्यात हा माणूस अशा रीतीने येऊन बसला होता. चित्रकलेत त्यास स्वतःचे असे आसन कोणी दिले, हे शोधू लागल्यास आपण पटवर्धनांपाशी येऊन थांबतो.

पटवर्धनांचा जन्म १९४९ साली पुण्यास झाला. तेथीलच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईस आले आणि पुढे १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले. दिवसा दवाखाना आणि उरल्या वेळात चित्रे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९७९ साली दिल्लीस भरले. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' ह्या नावाने जे प्रदर्शन गाजले, त्यात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्या समवेत पटवर्धनही होते. केवळ रंग व आकार यांच्या खेळात रमलेल्या त्या काळच्या चित्रकलेत पुन्हा माणसास जागा करून द्यावी, हा त्या मंडळींचा रोख प्रदर्शनाच्या नावातच उघड आहे.

क्ष-किरणांचा व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराविषयी लिहिताना, हा माणसाच्या आतले पाहतो, अशी कोटी करण्याचा मोह होतो. आम्हांस ती कोटी खोटी वाटते. क्ष-किरणाच्या चित्रात देहाचे सारे वजन नाहीसे होते. मांस विरून जाते आणि हाडांची छाया तेवढी उरते. पटवर्धनांच्या पहिल्या दहा वर्षांतील चित्रांत नेमके ह्याच्या उलट घडते. तेथे देहास वजन आहे. रुंद खांदे, थोराड हात, जमिनीवर घट्ट रोवलेले पाय, आणि अंगावरच्या सदऱ्यालाही जणू दगडी घडण! सेझान व लेजे ह्या फ्रेंच चित्रकारांपासून त्यांनी घेतलेले शिक्षण येथे दिसते. पण ते शिक्षण ठाण्याच्या फलाटावर वापरलेले आहे. दवाखान्याने त्यांस काही दिले असेल तर ते निराळेच असावे, असा आमचा तर्क आहे. डॉक्टरपुढे येऊन बसलेला रोगी ऐट करीत नाही. आपण कसे दिसतो ह्याचे भान त्याला नसते. आपला देह, त्याचा शीण, त्याचे दुखणे एवढेच घेऊन तो बसलेला असतो. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) मधील माणूस असाच बसला आहे. तो आपल्यासाठी बसलेला नाही, चित्रकारासाठीही नाही; तो दमून बसला आहे.

ही गोष्ट किरकोळ नव्हे. श्रमिकांची चित्रे आपल्याकडे पूर्वी नव्हती असे नाही. रावबहादुर धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील नाना तऱ्हेची माणसे इतक्या सफाईने रेखाटली आहेत की, त्या काळच्या पोशाखाचा व चालीरीतींचा तो एक कोशच होय. परंतु धुरंधरांच्या ह्या रेखाटनांत माणूस बहुधा आपल्या धंद्याचा प्रतिनिधी म्हणून येतो: ही कोळीण, हा पाणक्या, हा भय्या. आपण त्यांस ओळखतो आणि ओळख पटल्याच्या समाधानात पुढे जातो. युरोपात कूर्बेने १८४९ साली खडी फोडणारे दोन मजूर मोठ्या पटावर रंगविले आणि भल्या लोकांच्या दिवाणखान्यात खळबळ उडविली. त्याचे कारण त्या मजुरांची गरिबी हे नव्हते. गरिबी पाहून हळहळण्याची रसिकांस सवय होतीच. त्या मजुरांस त्याने इतिहासपुरुषाची जागा दिली, हे त्यांस रुचले नाही. पटवर्धनांनी केले ते ह्याच जातीचे काम होय. त्यांनी श्रमिकाची कीव केली नाही आणि त्याच्या हाती झेंडा देऊन त्याला पुतळाही केले नाही. साम्यवादी विचारांकडे त्यांचा ओढा होता, हे लक्षात घेता दुसरा मोह टाळणे अधिक कठीण होते. 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' (१९८१) ह्या नावात कामगारदिनाच्या जोडीला अपघात यावा, ह्यातच त्यांची सावध वृत्ती दिसून येते.

आता एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे. कारण तिच्यावाचून आमचे मत अपुरे राहील. आमचे एक चुलते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या बोटीने ते तरुणपणी मुंबईस गेले आणि गणपतीस व शिमग्यास गावी येत राहिले. त्यांच्या मनीऑर्डरीवर घर चाले. आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही त्याच पैशांतून होई. गावी आलेले काका आम्ही पाहिले ते नेहमी सणाच्या वेषात: धुतलेला सदरा, हातात खाऊचा पुडा. कामावरचे काका आम्ही कधीच पाहिले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि काही महिन्यांतच मनीऑर्डर येणे थांबले. पुढे एके दिवशी काका ट्रंक घेऊन परत आले ते कायमचे. मुंबईविषयी ते क्वचितच बोलत. आम्ही इंग्रजी शिकलो, प्राध्यापक झालो, वर्गात कूर्बे आणि मिले यांच्याविषयी दोन शब्द बोलू लागलो. परंतु ज्या देहाच्या श्रमावर हे शिक्षण झाले तो देह श्रमानंतर कसा दिसत असेल, हा प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवला नाही.

'ट्रेन' (१९८०) ह्या चित्रासमोर तो प्रथम उद्भवला. लोकलच्या डब्यातील त्या माणसांत आमच्या काकांचा चेहरा होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे ही भावविवशता होईल. परंतु कामाहून परतणाऱ्या माणसाच्या अंगात जो एक जडपणा येतो, हात स्वतःचेच असूनही ठेवून दिल्यासारखे दिसतात, तो तेथे होता. संपापूर्वी दोन वर्षे काढलेले ते चित्र आहे. पुढे काय होणार हे चित्रकारास ठाऊक नव्हते आणि त्या डब्यातील माणसांसही नव्हते. आपणांस ते ठाऊक आहे. मागच्या वर्षांकडे पाहण्याची सोय करून देणारे प्रदर्शन रसिकावर जी जबाबदारी टाकते ती ही.

प्रदर्शनाची मांडणी कशीही असली तरी सर कावसजी जहांगीर यांच्या नावाच्या त्या जुन्या सभागृहातील गोलाकार सज्जे चढताना आम्ही मनातल्या मनात चित्रे सालांच्या क्रमाने लावीत गेलो. तसे केले असता एक गोष्ट ध्यानात येते. सत्तरीच्या दशकात एक माणूस चित्राची सारी जागा व्यापतो. 'ओव्हरब्रिज' (१९८१) पासून माणसांचे घोळके येतात आणि त्यांच्याबरोबर पूल, रूळ, भिंती येतात. 'टाउन' (१९८४) मध्ये सबंध शहरच समोर उभे राहते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर 'रायट' (१९९६) सारख्या चित्रांत जो जमाव येतो तो पूर्वीचा समुदाय नव्हे. ज्या श्रमिकावर विश्वास टाकला होता, तोच दुसऱ्या श्रमिकावर हात उगारू शकतो, हे कटु सत्य चित्रकारास पचवावे लागले आहे. आणि 'लोअर परळ' व 'उल्हासनगर' (दोन्ही २००१) ह्या विस्तीर्ण चित्रांपर्यंत येतो तेव्हा शहर अफाट झालेले असते व माणूस लहान. पुढील वर्षांत चित्रकार घरात शिरतो. कुटुंबातील माणसे, वार्धक्य, आजार ह्यांची चित्रे काढू लागतो. जो प्रथम समोरच्या बाकावरील माणसाकडे पाहत होता, तो आता आपण पाहणारा कोण, हेही पाहू लागतो.

ह्या क्रमावर आमच्या एका स्नेह्यांचा आक्षेप असा की, पटवर्धनांची उत्तरकालीन शहरचित्रे म्हणजे पहिल्या सामर्थ्याची ओहोटी होय. एका माणसात जे वजन होते, ते शंभर इमारतींत वाटले गेले. आणि वाटल्यावर कोणाच्याच वाट्यास पुरेसे आले नाही. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. काही मोठ्या पटांसमोर डोळा हिंडत राहतो, पण कोठेच मुक्काम करीत नाही, असा आमचाही अनुभव आहे. 'इराणी रेस्टॉरंट'पुढे असे होत नाही. निव्वळ चित्र म्हणून एकच घरी न्यावयाचे झाले, तर आम्ही पहिल्या दशकातलेच नेऊ.

परंतु 'लोअर परळ'च्या बाबतीत हा आक्षेप आम्हांस लागू वाटत नाही. गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग १९९१ च्या नियमांनी मोकळा झाला होता. २००१ साली, म्हणजे हे चित्र झाले त्याच वर्षी, तो नियम बदलून मालकांस अधिकच सोयीचा करण्यात आला. ज्या भागात गिरणीच्या भोंग्यावर माणसे जागी होत, तेथे उंच कचेऱ्या व दुकाने उभी राहू लागली. अशा भागाचे चित्र काढताना माणसास पूर्वीच्या आकाराने रंगविणे, हे असत्य ठरले असते. तेथून त्यास उठविण्यात आलेच होते! चित्रातील माणूस लहान झाला तो चित्रकाराचा हात थकला म्हणून नव्हे. शहराने त्याला लहान केले म्हणून. हे नुसते एक चित्र पाहून कळत नाही. १९७७ चा माणूस पाहिलेला असला तरच २००१ च्या माणसाचे लहानपण डोळ्यांत खुपते. सबंध कारकीर्द एकत्र मांडण्याचे समर्थन आमच्या मते येथे आहे. सुटे चित्र सत्य सांगेल. पण सत्य कसकसे बदलत गेले, हे चित्रांची रांगच सांगू शकते.

आमचा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. पटवर्धनांच्या श्रमिकास गाव नाही. तो गाडीत बसतो, पूल ओलांडतो, हॉटेलात चहा पितो, नाल्याकाठी राहतो. पण तो मे महिन्यात कोठे जातो, त्याची बायको कोठे असते, मिळकतीतून वाचविलेले दहा-वीस रुपये कोणत्या टपालकचेरीत जाऊन पोहोचतात, ह्याचा त्या चित्रांत पत्ता नाही. मुंबईचा कामगार हा नुसता मुंबईचा कधीच नव्हता. त्याचा एक पाय साच्याशी आणि दुसरा भाताच्या खाचरात होता. संप मोडला तेव्हा तो ज्या ठिकाणी परतला ते ठिकाण ह्या चित्रांच्या चौकटीबाहेर राहिले आहे. त्याचप्रमाणे आरंभीच्या चित्रांत पुरुषास जी भरघोस जागा मिळाली, तितकी स्त्रीस मिळाली नाही, असे आम्हांस वाटते. ज्या स्त्रियांनी गावी राहून शेती राखली व म्हातारी माणसे सांभाळली, त्या तर ह्या शहरात दिसणे शक्यच नव्हते. रत्नागिरीहून पाहणाऱ्यास ही उणीव अर्ध्या कुटुंबाची उणीव वाटते.

हा आक्षेप चित्रकारावर किती न्यायाने ठेवता येईल, याचाही विचार केला पाहिजे. त्यांनी जे पाहिले ते रंगविले. ठाण्याच्या व्यावसायिकाने परळच्या माणसाचे गाव न पाहताच रंगविले असते, तर ते नाटकातल्या पडद्यासारखे झाले असते. आपणांस न दिसलेले रंगवावयाचे नाही, हा प्रामाणिकपणाच त्यांच्या कलेचा कणा आहे. तेव्हा उणीव त्यांची असण्यापेक्षा आमची आहे. खाचराच्या बांधावरून मुंबईकडे पाहणारा कोणी पटवर्धन आमच्या जिल्ह्यात निपजला नाही. ती अर्धी गोष्ट सांगणे हे आमच्याकडील कलावंतांचे काम होते, आणि ते अजून शिल्लक आहे. परक्याने आपल्या माणसाचे अर्धे चित्र इमानाने काढून ठेविले असता, उरलेले अर्धे त्याच्याच नावावर टाकणे आम्हां शिकलेल्यांस शोभत नाही.

परकेपणाचा हा मुद्दा पटवर्धनांच्या कलेच्या मुळाशी आहे. स्वतः श्रमिक नसलेल्या मनुष्याने श्रमिकाचे चित्र काढावे काय, हा प्रश्न त्यांच्या चित्रांतून कधी नाहीसा होत नाही. आम्हांस ह्याचे उत्तर सिद्धान्तात सापडले नाही. ते पन्नास वर्षांच्या चिकाटीत सापडले. एखादे वर्ष गरिबीचा विषय हाताळून पुढे दुसऱ्या विषयाकडे वळणारे कलावंत पुष्कळ असतात. त्याच रेल्वेमार्गावर, त्याच उपनगरात राहून, श्रद्धा डळमळीत झाली तरी विषय न सोडता, आपला चुकलेला अंदाज पुढच्या चित्रात उघडपणे दुरुस्त करीत जाणे, ही गोष्ट निराळी. जवळीक जन्माने मिळते तशी ती राबूनही मिळविता येते, एवढे ह्या प्रदर्शनाने आमच्यापुरते सिद्ध केले.

प्रदर्शन संपले आणि महिना-दीड महिन्यातच, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे मुंबईच्या लोकल गाड्या बंद पडल्या. ज्या गर्दीस आपण नित्याची म्हणून नाके मुरडीत होतो, ती एकाएकी दिसेनाशी झाली; आणि आमच्या गावांच्या वेशीवर चाकरमानी पुन्हा येऊन उभे राहिले. त्या दिवसांत 'ट्रेन'मधील माणसांची आम्हांस वारंवार आठवण झाली.

एक सूचना करून हा लेख पुरा करतो. २००८ च्या सुमारास पटवर्धनांनी स्वतः पुढाकार घेऊन 'विस्तारणारी क्षितिजे' ह्या नावाने समकालीन भारतीय चित्रकारांच्या कृतींचे प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत फिरविले होते. मुंबईबाहेरच्या माणसासही अस्सल चित्र पाहण्याचा हक्क आहे, ही त्यामागील भूमिका. आमच्या जिल्ह्यात आज देवरूखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, सावर्ड्यास चित्रकला शिकविणारे महाविद्यालय आहे. तेव्हा ह्या चित्रांपैकी पाच-दहा का होईनात, येथवर आणणे अशक्य मानण्याचे कारण नाही. आमचे काका ती चित्रे पाहावयास उरले नाहीत. परंतु जुन्या ट्रंकेत गिरणीचे ओळखपत्र जपून ठेवलेले अनेक वृद्ध अजून गावोगाव आहेत. त्यांस त्या चित्रांसमोर बसवावे, आणि चित्र बरोबर उतरले आहे की नाही, हे आम्हां प्राध्यापकांच्या आधी त्यांस विचारावे.